मदत हवी आहे: कुत्र्याचं नख अर्धवट तुटलंय, घरी काय करू?

आमचा मोती, गावठीच आहे, ४ वर्षांचा, काल संध्याकाळी मांजरामागे धावताना पुढच्या पायाचं अंगठ्याचं नख (ते वर असतं ना, जमिनीला टेकत नाही ते) कुंपणाच्या जाळीत अडकून तुटलं. पूर्ण निघालं नाहीये, लोंबकळतंय आणि आतला गुलाबी भाग उघडा पडलाय. रक्त बघून आई घाबरलीच, हळद घेऊन धावली, मी म्हटलं थांब, मग कॉर्नफ्लॉवर लावून स्वच्छ कापडाने १० मिनिटं न उचलता दाबून धरलं तेव्हा कुठे थांबलं. नंतर बेटाडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून धुतलं, गॉज गुंडाळून वर माझा जुना मोजा घातला, पण साहेब ५ मिनिटांत मोजा काढून चाटत बसतात.

प्रश्न असा की तो लोंबकळणारा तुकडा घरीच नेलकटरने कापू का? हात लावला तरी गुरगुरतोय, आजवर माझ्यावर कधीच गुरगुरला नव्हता बिचारा. डॉक्टर तालुक्याला आणि ते सोमवारीच भेटणार. क्रोसिन, ब्रुफेन वगैरे माणसांच्या गोळ्या कुत्र्याला द्यायच्या नसतात एवढं माहितीये त्यामुळे ते सुचवू नका प्लीज.

आणि चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा कोन इकडे मिळत नाही, टॉवेल गुंडाळून वगैरे कोणी जुगाड केलाय का? पाय सुजलेला नाहीये, जेवतोय व्यवस्थित, फक्त लंगडतोय. सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का, की गाडी करून आजच शहरात नेऊ?