एक्सएमएल नोंदवहीतून सिडॉक सीआरएमचे इन्स्टन्स कसे बनवावेत?

कसबा_नोंदणी

पुण्यातल्या एका छोट्या संग्रहालयाची दाखल-नोंदवही एक्सएमएलमध्ये आहे. तांब्या-पितळेची भांडी, मोडी कागद, नाणी मिळून साधारण बारा हजार नोंदी. एक नोंद अशी:

<वस्तू दाखल="त-०१४२">
<नाव>हंडा</नाव>
<साहित्य>तांबे</साहित्य>
<घडवणारा>तांबट आळीतील कारागीर</घडवणारा>
<ठिकाण>कसबा पेठ</ठिकाण>
<काळ>शके १६९६</काळ>
</वस्तू>

ऑन्टोलॉजी (संकल्पना आणि त्यांच्या संबंधांचा आराखडा) ठरलेली आहे: संग्रहालयांच्या माहितीसाठीची सिडॉक सीआरएम, आवृत्ती ७.१. तिला हात लावायचा नाही, फक्त इन्स्टन्स, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी, भरायचे. प्रत्येक टॅगला एक क्लास लावायला घेतला, तर ‘काळ’ आणि ‘घडवणारा’ हंड्याला थेट जोडणारी सोयीची प्रॉपर्टीच मिळत नाही. हंड्यावर पी१४ (‘कोणी केलं’ ही प्रॉपर्टी) लावली तरी प्रोटेजे या ऑन्टोलॉजी-संपादकातला रीझनर (तर्काने निष्कर्ष काढणारा भाग) काही बोलत नाही. म्हणजे ते चालतं असं धरायचं का? आणि रूपांतरासाठी एक्सएसएलटी (एक्सएमएल बदलण्याची भाषा) घ्यावं की आरएमएल (आरडीएफ, म्हणजे जोडलेल्या विधानांच्या रूपात डेटा काढायची मॅपिंग-भाषा)?

मुठाकाठ

नाही, चालत नाही. रीझनर गप्प का राहतो ते खाली कोणी सांगेलच. आधी मॅपिंगचं बघू, कारण अडचण मुळात तिथे आहे.

सीआरएममध्ये वस्तूला काळ नसतो, काळ घटनेला असतो. तुमच्या एक्सएमएलमध्ये ‘निर्मिती’ असा टॅगच नाही, पण ऑन्टोलॉजीला ती घटना हवी आहे. म्हणजे मधला नोड तुम्हालाच तयार करावा लागणार. नावं इथे मराठीत लिहितो, फाइलमध्ये अर्थातच मूळ आयआरआय (वेबपत्त्यासारखी एकमेव ओळख):

वस्तू/त-०१४२ → प्रकार ई२२ (मानवनिर्मित वस्तू)
वस्तू/त-०१४२ → पी४५ (कशाची बनलीय) → साहित्य/तांबे (ई५७)
वस्तू/त-०१४२ → पी१०८आय (कशातून घडली) → वस्तू/त-०१४२/निर्मिती (ई१२)
निर्मिती → पी१४ → कर्ता (ई३९)
निर्मिती → पी७ → स्थळ (ई५३)
निर्मिती → पी४ → कालखंड (ई५२), त्याला पी८२ए (सुरुवात) आणि पी८२बी (शेवट)

‘हंडा’ हा नवीन क्लास करू नका. तो ई५५चा (‘प्रकार’) इन्स्टन्स आणि वस्तूला पी२ने जोडलेला. दाखल क्रमांक ई४२ (ओळखचिन्ह) म्हणून, पी१ने.

मधल्या नोडला ब्लँक नोड (आयआरआय नसलेला नोड) ठेवायचा मोह टाळा. पुढच्या महिन्यात नोंदवही सुधारून पुन्हा रूपांतर केलंत आणि ते त्याच स्टोअरमध्ये भरलंत, की प्रत्येक हंड्याला दोन निर्मिती होतात. आयआरआय दाखल क्रमांकावरून बेतला असेल तर तेच ट्रिपल (विधानं) पुन्हा येतात, भर पडत नाही.

‘घडवणारा’, ‘ठिकाण’ आणि ‘काळ’ हे तीनही टॅग रिकामे असतील तर निर्मितीचा नोड काढू नका. इथे एक खाच आहे: <काळ/> असा रिकामा टॅगही ‘आहे’ असाच मोजला जातो. अट लिहिताना नॉर्मलाइझ-स्पेस (जास्तीची मोकळी जागा काढणारं फंक्शन) लावूनच तपासा.

आणि ‘ठिकाण’ म्हणजे नेमकं काय, हे संग्रहालयातल्या नोंद ठेवणाऱ्या माणसाला विचारा. भांड्यासाठी ते बहुधा घडवल्याचं ठिकाण असेल, नाण्यासाठी मात्र सापडल्याचं असू शकतं. तसं असेल तर नाण्यांचं ठिकाण निर्मितीला चिकटवणं ही सरळ खोटी माहिती झाली, आणि कुठलंही साधन ती पकडणार नाही.

कसबा_नोंदणी

नीट कळलं. नाण्यांचं विचारून घेतो. कर्ता आणि स्थळ यांचे आयआरआय नावावरूनच करावे लागतील, त्यांना क्रमांक नाहीत. आणि काळाच्या रकान्यात शके, शुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांतली एक कालगणना), नुसतं ‘पेशवेकालीन’ असं सगळंच आहे.

शिळाप्रेस

नावावरून थेट आयआरआय करू नका, मराठी मजकुरात तर नकोच. ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला ऱ कधी एकच अक्षर म्हणून टाइप झालेला असतो, कधी र आणि नुक्ता अशी जोडी असते, तर कधी र, हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, आयआरआय मात्र तीन होतात. युनिकोडचं एनएफसी (अक्षरांचं एकसारखं केलेलं) रूप केलं तर पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच वेगळा राहतो. म्हणून आधी सगळी वेगवेगळी नावं काढा, एका तक्त्यात प्रत्येकाला कोड द्या आणि रूपांतरात तो तक्ता वापरा. मूळ नाव लेबलमध्ये ठेवा.

अंकांचंही तसंच. एक्सपाथच्या (एक्सएमएलमधले भाग निवडायच्या भाषेच्या) नंबर फंक्शनला देवनागरी ‘१६९६’ दिलं की उत्तर एनएएन (‘अंक नाही’) येतं. आधी ट्रान्सलेट फंक्शनने दहाही अंक इंग्रजीत बदला. दाखल क्रमांकालाही हेच करा, कारण दोन टंकलेखकांनी दोन प्रकारचे अंक वापरलेले असतात.

काळासाठी: शकात ७८ मिळवले की चैत्रापासून डिसेंबरपर्यंतचं इसवी सन मिळतं, जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. म्हणजे शके १६९६ हे १७७४-७५. महिना माहीत नसेल तर एकच साल ठोकून देऊ नका. पी८२एला १ मार्च १७७४ आणि पी८२बीला ३० एप्रिल १७७५ अशी सैल हद्द द्या. शुहूर सन मृगापासून सुरू होतो, तिथे डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६००. शुहूर ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपताचं साल. सूत्र ताडून बघायला हेच वापरा.

‘पेशवेकालीन’साठी ई४चा (‘कालावधी’) एकच इन्स्टन्स करा, त्याला १७१३ ते १८१८ हा कालखंड द्या आणि निर्मिती पी१०ने त्यात बसवा. मूळ मजकूर ‘शके १६९६’ कालखंडाच्या लेबलमध्ये जसाच्या तसा राहू द्या. उद्या कोणी सूत्रावर शंका घेतली तर परत जायला जागा हवी.

ग्राफ_नारायणपेठ

रीझनर गप्प का, ते सांगतो. डोमेन आणि रेंज (प्रॉपर्टीच्या दोन टोकांचे क्लास) ही बंधनं नाहीत, त्यांवरून निष्कर्ष काढले जातात. पी१४चं डोमेन ई७, म्हणजे ‘क्रिया’. तुम्ही ती हंड्यावर लावलीत, तर रीझनर म्हणतो: हंडा ही वस्तू आहे आणि क्रियाही आहे. वस्तू आणि घटना एकमेकींत बसत नाहीत हे सीआरएमच्या दस्तऐवजात लिहिलंय, पण अधिकृत फाइल आरडीएफएस या साध्या स्कीमा-भाषेत आहे आणि आरडीएफएसला डिसजॉइंट (दोन क्लासांत सामाईक काही नाही) सांगताच येत नाही.

तपासणी शॅकल या आरडीएफ-तपासणीच्या भाषेने करा. पी१४चे सगळे सब्जेक्ट ई७ असलेच पाहिजेत असा शेप (नियम) लिहा; सीआरएमची फाइल सोबत द्या, म्हणजे ई१२ हा ई७चाच उपप्रकार आहे हे त्याला कळेल. पायशॅकल (शॅकल चालवणारं पायथन साधन) चालवताना आरडीएफएस इन्फरन्स मात्र बंद ठेवा. चालू असेल तर तपासणीआधीच हंड्याला ‘क्रिया’ हा प्रकार मिळतो आणि शेप पास होतो!

दुसरी एक क्वेरी न चुकता चालवा: डेटात वापरलेले पण ऑन्टोलॉजीत नसलेले क्लास आणि प्रॉपर्टी. आरडीएफमध्ये स्पेलिंग चुकलं तर नवीनच प्रॉपर्टी जन्माला येते, एरर येत नाही. नेटवरच्या जुन्या उदाहरणांत ई२२च्या आयआरआयमध्ये ‘मॅन-मेड’ असतं, ७.१मध्ये ते ‘ह्यूमन-मेड’ आहे. जुनं चिकटवलंत तर बाराही हजार वस्तू ऑन्टोलॉजीबाहेर.

मुठाकाठ

साधनाचं राहिलं होतं. एकच स्रोत, नावांचे तक्ते आणि तारखांची गणितं असल्यामुळे मी एक्सएसएलटीच घेईन; त्याचा प्रोसेसर सॅक्सन-एचई फुकट आहे आणि बारा हजार नोंदी त्याला काहीच नाहीत. आरएमएल मॅपिंग म्हणून वाचायला स्वच्छ, पण शकाचं गणित त्यात बाहेरच्या फंक्शननेच करावं लागतं. शिवाय वेगळ्या इटरेटरच्या (नोंदी एकेक घेणाऱ्या मार्गाच्या) दोन मॅप जोडताना जॉइनची अट राहिली, तर प्रत्येक हंडा प्रत्येक कारागिराला जोडला जातो. नोंद ठेवणाऱ्यांनी स्वतः मॅपिंग तपासावं अशी इच्छा असेल तर एक्स३एमएल ही मॅपिंग-भाषा बघा, ते सीआरएम डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलंय.

काहीही घेतलंत तरी फाइलच्या मुळाशी डीफॉल्ट नेमस्पेस (सगळ्या टॅगांना लागू होणारा नामसमूह) आहे का ते आधी पाहा. असेल आणि एक्सपाथमध्ये प्रीफिक्स दिला नसेल तर एकही नोंद जुळत नाही, एरर येत नाही, फाइल रिकामी निघते. सुरुवातीला तीन नोंदी घ्या: एक पूर्ण भरलेली, एक जवळजवळ रिकामी, एक नाण्याची. त्यांचं आउटपुट टर्टल या वाचायला सोप्या आरडीएफ-रूपात काढून ओळ न् ओळ वाचा, मगच बाकीच्या सोडा.