मदत हवी आहे: विली ओ'री यांची वेस्टर्न हॉकी लीगमधील वर्षे

नमस्कार मंडळी,

विली ओ'री यांचे नाव निघाले की १८ जानेवारी १९५८ रोजी बोस्टन ब्रुइन्स संघाकडून एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च आइस हॉकी लीगमध्ये उतरलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, एवढेच सांगून लोक थांबतात. प्रत्यक्षात ते तेथे जेमतेम ४५ सामने खेळले आणि त्यांची खरी कारकीर्द घडली ती वेस्टर्न हॉकी लीग या दुय्यम व्यावसायिक लीगमधील लॉस एंजेलिस ब्लेड्स व सॅन दिएगो गल्स या संघांत. मला नेमके त्याच वर्षांवर लिहायचे आहे. ज्युनियर हॉकी खेळताना पक (खेळातली रबरी चकती) लागून त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती, त्यामुळे डाव्या विंगवर (मैदानाच्या डाव्या कडेला) खेळताना उजवीकडून येणारा पास दिसावा म्हणून त्यांना मान पार वळवावी लागे. ब्लेड्सने त्यांना उजव्या विंगवर आणले तेव्हा सारा खेळ शाबूत डोळ्यासमोर आला आणि १९६४-६५च्या हंगामात त्यांनी ३८ गोल केले. मला तर ही गोष्ट त्या पहिल्या सामन्याइतकीच मोलाची वाटते.

अडचण अशी की, त्या लीगमधील खेळाडूंचे पगार, बसचे लांबलचक प्रवास आणि हंगाम संपल्यावर करावी लागणारी कामे यांविषयी मला फारसे काही सापडलेले नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील कोणा सभासदाला तेथील ग्रंथालयांत त्या काळची स्थानिक वृत्तपत्रे पाहता येतील का? १९६७ ते १९७४ दरम्यान गल्सचे सामने पाहिलेले कोणी परिचयात असल्यास त्यांच्याशी बोलणे करून द्यावे, ही कळकळीची विनंती.