जनुकीय संकेतसारणी हा बुद्धिमान रचनाकाराचा पुरावा मानता येईल का?

जिज्ञासू :
डीएनएच्या चार अक्षरांचे तीन-तीनचे गट केले की ६४ कोडॉन होतात. त्यांतील ६१ कोडॉन प्रथिनांचे घटक असलेल्या २० अमिनो आम्लांचा निर्देश करतात, उरलेले ३ प्रथिनाची साखळी थांबवतात, आणि जिवाणूपासून माणसापर्यंत ही सारणी जवळजवळ एकच आहे. आपल्याकडील नैयायिकांनी (न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी) घटावरून कुंभाराचे अनुमान केले आणि त्याच वाटेने ते जगाच्या कर्त्यापर्यंत पोहोचले. इतक्या नेमक्या सारणीबाबत तेच अनुमान का करू नये? मला श्रद्धेचे समर्थन नको आणि खंडनही नको. खुद्द या सारणीत तसा काही पुरावा आहे का, एवढेच जाणून घ्यायचे आहे.

रेणुशोधक :
या प्रश्नाची एक परीक्षा इतिहासात नकळत होऊन गेली आहे. १९५७ मध्ये, सारणी अद्याप उलगडलेली नसताना, फ्रान्सिस क्रिक, जॉन ग्रिफिथ आणि लेस्ली ऑर्गेल यांनी ती कशी असावी याचा निव्वळ तर्काने विचार केला. अक्षरे सलग लिहिलेली असताना वाचन भलत्याच अक्षरापासून सुरू होऊ नये, अशी अट त्यांनी घातली. या अटीमुळे एएए, यूयूयू असे एकाच अक्षराचे चार गट बाद होतात (डीएनएवरून तयार होणाऱ्या आरएनए या रेणूची अक्षरे ए, यू, जी आणि सी अशी आहेत). उरलेल्या ६० गटांचे, अक्षरे फिरवून एकमेकांपासून मिळणारे, तीन-तीनचे संच पडतात आणि प्रत्येक संचातील एकच गट अर्थपूर्ण ठेवता येतो. म्हणजे बरोबर २०, आणि अमिनो आम्लेही २०! इतकी देखणी कल्पना जीवशास्त्रात क्वचितच कोणाला सुचली असेल. पण १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी केवळ यू या अक्षराचा बनलेला आरएनए जिवाणूंच्या अर्कात घातला, तेव्हा फेनिलॲलॅनिन या एकाच आम्लाची साखळी मिळाली. जो गट निरर्थक असायला हवा होता, त्याचाच अर्थ सर्वांत आधी लागला. पुढे हरगोविंद खोराना आदींच्या प्रयोगांनी सारणी पूर्ण झाल्यावर दिसले, की ल्युसिन, सेरीन आणि आर्जिनिन यांना प्रत्येकी सहा कोडॉन आहेत, तर ट्रिप्टोफॅनला एकच. माणसांनी बुद्धीने योजलेली सारणी याहून कितीतरी नेटकी होती.

तटस्थ :
नेटकेपणा हीच कसोटी का मानावी? चुका सोसण्याची क्षमता पाहिली तर चित्र पालटते. तिसरे अक्षर बदलले तरी पुष्कळदा आम्ल तेच राहते, आणि बदललेच तर गुणधर्मांनी जवळचे येते. जीएयूचे जीएए झाले तर ॲस्पार्टिक आम्लाच्या जागी ग्लुटामिक आम्ल येते आणि दोन्ही ऋणभारित असतात. स्टीफन फ्रीलंड आणि लॉरेन्स हर्स्ट यांनी १९९८ मध्ये संगणकावर दहा लाख यादृच्छिक सारण्यांशी तुलना केली, तेव्हा या बाबतीत निसर्गातील सारणीहून सरस अशी एकच सापडली. याला योगायोग म्हणणे मला पटत नाही.

रेणुशोधक :
योगायोग मीही म्हणत नाही, आणि फ्रीलंड व हर्स्ट यांनीही म्हटलेले नाही. त्यांनी त्या आकड्यातून नैसर्गिक निवडीचा निष्कर्ष काढला. मात्र निवड व्हायची तर सारणी बदलू शकली पाहिजे. एकदा रूढ झालेली सारणी बदलणे प्राणघातकच ठरेल, असे १९६८ मध्ये क्रिक यांचे मत होते. १९७९ मध्ये माणसाच्या मायटोकाँड्रियात (पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकात) थांबण्याचा यूजीए हा कोडॉन ट्रिप्टोफॅनसाठी वापरला जातो असे आढळले. कॅन्डिडा या बुरशीचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तिच्यात सीयूजी हा कोडॉन ल्युसिनऐवजी बहुतेक वेळा सेरीन आणतो आणि अधूनमधून ल्युसिनही आणतो, तरी ती सुखाने जगते, म्हणजे बदलाची मधली अवस्थाही जगण्याजोगी असू शकते. शिवाय हे अपवाद विस्कळीत नसून वंशवृक्षाच्या फांद्यांनुसार पडतात.

तर्कपांथ :
घट आणि कुंभाराच्या अनुमानाला धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडिताने सुमारे सातव्या शतकातच हरकत घेतली होती. वारूळही मातीचेच असते, पण म्हणून ते कुंभाराने घडवले असे ठरत नाही. कुंभाराला घट घडवताना आपण पाहिलेले असते, म्हणून तिथे अनुमान चालते. सारणीबाबतही आता खात्रीने घडवलेला एक नमुना आहे. केंब्रिज येथे जेसन चिन यांच्या गटाने २०१९ मध्ये ई. कोलाय या जिवाणूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, नव्याने लिहून ६४ ऐवजी ६१ कोडॉनांवर चालवला. सेरीनचे दोन आणि थांबण्याचा एक असे तीन कोडॉन १८ हजारांहून अधिक जागी ठरावीक नियमाने बदललेले आहेत. हेतूने केलेला बदल असा दिसतो. कॅन्डिडातील बदल तसा दिसत नाही.

जिज्ञासू :
हे पटले, पण एक अडचण उरते. प्रथिन बनताना कोडॉननुसार आम्ल आणून देणारे लहान रेणू म्हणजे वाहक आरएनए; योग्य आम्ल योग्य वाहक आरएनएला जोडणारी विकरे (एन्झाइम) स्वतःच प्रथिने आहेत, म्हणजे तीही या सारणीनुसारच बनतात. मग आरंभी ती कोठून आली?

रेणुशोधक :
ही खरोखर अवघड जागा आहे, आणि तिला बगल देणारी लोकप्रिय पुस्तके मला आवडत नाहीत. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमची रचना २००० मध्ये स्पष्ट झाली, तेव्हा आम्ले एकमेकांना जोडणारे त्याचे केंद्र आरएनएचे असल्याचे दिसले. व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल रायबोसोमवरील संशोधनासाठीच मिळाले. वाहक आरएनएला आम्ल जोडण्याचे कामही प्रयोगशाळेत निवडून काढलेले लहान आरएनए रेणू करू शकतात. त्यामुळे प्रथिनांची विकरे नंतर आली असणे शक्य आहे. अमुक आम्लाला अमुकच कोडॉन का, याबद्दल मात्र रासायनिक आकर्षण, पेशीत आम्ले तयार होण्याचा क्रम आणि निवड यांपैकी कशाचा वाटा किती, हा वाद चालू आहे.

तटस्थ :
आरएनए हे काम करू शकतो, हे मान्य. आरंभी तसेच घडले हे दाखवायला निराळा पुरावा लागेल, आणि तो मिळेपर्यंत रचनाकाराचा पक्षही सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही.