मदत हवी आहे: शिकार जंगलाबाहेर आणायचा घरगुती गाडा, चाकाचा आठ झाला

मंडळी, गाडा मोडलाय आणि हंगाम तोंडावर आलाय, म्हणून लाज सोडून विचारतोय. (परवाना वगैरे सगळं रीतसर आहे. शिकार करावी की नाही यावर वेगळा धागा काढा, इथे नको.)

आधी दोन हंगाम हरीण दोराने ओढतच आणलं. ओल्या पाचोळ्यावरून पहिले शंभर पावलं ते मस्त सरकतं, माणसाला वाटतं काय सोपं आहे. मग एक आडवा ओंडका येतो आणि कंबर बोलायला लागते. म्हणून यंदा गाडा केला.

केलं असं: माळ्यावरच्या सायकलींची २६ इंची दोन पुढची चाकं. २५ मिमी चौकोनी पाइपची चौकट, जाडी दीड मिमी, लांबी १२० सेंमी. चाकाचा मूळ आख काढून जरा लांब आख घातला आणि चौकटीला आतल्या बाजूने नटांनी आवळला. दोन चाकांमधलं अंतर ६० सेंमी, कारण त्याहून रुंद गाडा आमच्या झाडीतून निघत नाही. माल चाकांवर घासू नये म्हणून फळी उंच घेतली.

अंगणात सिमेंटची दोन पोती घालून फिरवला, लोण्यासारखा चालला. जंगलात साधारण ७० किलोचा नर होता. सपाटीवर काही तक्रार नाही. मग टेकडीच्या कुशीतली तिरकी वाट लागली आणि उताराकडच्या चाकातून टिण्ण असा आवाज आला. मी थांबलो. मेहुणा म्हणाला, काही नाही, चल. दहा पावलांत टिण्ण, टिण्ण, टिण्ण, आणि रिमचा आठचा आकडा होऊन गाडा कुशीवर आडवा. हरीण घरंगळत खाली ओढ्यात. ते परत वर काढायला आम्हाला गाडा बनवायला लागला त्याहून जास्त घाम गाळावा लागला.

घरी पाहिलं तर आखही वाकलाय. प्रश्न असा की चाकं वाईट की माझी रचना वाईट? जाड चाकं घ्यायची तर बांधकामावरच्या एकचाकी ढकलगाडीची मिळतील, पण ती ४० सेंमी व्यासाची, बुटकी. ओंडक्यांवरून चढतील का?

भंगारप्रेमी:
दोन्ही वाईट, पण रचना जास्त. सायकलचा पुढचा आख दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये धरलेला असतो. तुम्ही तो एकाच बाजूने लटकवलात, तो वाकणारच. आणि सायकल वळताना कलते, त्यामुळे भार चाकाच्या पातळीतच राहतो. गाडा कलत नाही. तिरक्या उतारावर सगळा जोर रिमला आडवा बसतो आणि स्पोक त्यासाठी ताणलेले नसतात. अंगणातल्या चाचणीत हे कळणं शक्यच नव्हतं.

२६ इंची ठेवायची असतील तर चाकाच्या बाहेरूनही एक पट्टी घ्या, म्हणजे आख दोन्हीकडून धरला जाईल. रुंदी थोडी वाढेल. नाहीतर जुन्या व्हीलचेअरची मोठी चाकं शोधा. ती एकाच बाजूने धरण्यासाठीच बनवलेली असतात, आखही साधारण १२ मिमीच्या वर असतो. काहींत खटका दाबला की चाक निघतं, मग गाडा गाडीच्या डिकीत मावतो.

वेल्डर काका:
बुटक्या चाकांचा हिशोब सांगतो. ८ सेंमीचा ओंडका आडवा आला तर ४० सेंमीचं चाक वर चढवायला सरळ आडवं ओढताना वजनाच्या सव्वापटीहून जास्त जोर लागतो. ६६ सेंमीच्या, म्हणजे तुमच्या २६ इंची चाकाला वजनापेक्षा कमी, ८५ टक्क्यांच्या आसपास. एकेक चाक तिरकं चढवलं तर दोन्हीकडे सुटका होते, पण फरक राहतोच. बुटकी चाकं शेतातल्या वाटेला ठीक, जंगलाला नाही.

तुमचा खरा घोटाळा उंचीचा आहे. फळी उंच म्हणजे हरणाचा मध्य जमिनीपासून ७० सेंमीवर धरा. चाकांत ६० चं अंतर असेल तर २३ अंशांच्या आडव्या उतारावर गाडा कलंडणार, चाक धडधाकट असलं तरी. फळी चाकांच्या मध्ये उतरवून तोच मध्य ४५ वर आणा, ३३ अंशांपर्यंत तग धरेल. फार खाली नेऊ नका, पोटाखाली बुंधे अडकतात.

आणि पाइप जस्ताचा असेल तर जोडापाशी ते घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू नका. तो धूर घेतलात तर रात्री थंडी वाजून ताप येतो. मी घेतलाय.

रानवाटा:
भार कुठे ठेवलात ते लिहिलं नाही. बैलगाडीसारखंच आहे, उलाळ झाली तर दांडा वर उसळतो, धुरजड झाली तर हात तुटतात. ७० किलोचा मध्य आखाच्या १० सेंमी पुढे आणि दांडा आखापासून १३० सेंमीवर असेल, तर हातावर साडेपाच किलोच्या आत येतं. तेवढं बरं असतं, दांडा हातात स्थिर राहतो.

पोट जागीच साफ करून निघा, वजन पाचव्या हिश्शाइतकं उतरतं. डोकं आणि पाय पट्ट्याने आवळा, मोकळा पाय स्पोकमध्ये गेला तर नवं चाकही जाईल. वर भडक नारिंगी कापड टाका. झुडपांतून हरणाचं अंग हलताना दिसलं की दुसरा शिकारी काय समजेल, हे वेगळं सांगायला नको. उतारावर गाडा पुढे सोडून मागून दोर धरा, पुढे उभे राहू नका.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. भार आखाच्या बरोबर वर होता, म्हणून दांडा सारखा डुलत होता, आता कळलं. काल फळी कापून खाली घेतली आणि बाहेरून पट्ट्या वेल्ड केल्या. रुंदी ७२ झाली. दोन झाडांतली नेहमीची फट ७५ ची आहे, टेप घेऊन जाऊन मोजून आलो. आज त्याच तिरक्या वाटेवर पोती घालून नेतोय. मेहुणा उताराच्या बाजूने चालायला तयार नाही.

एक राहिलंच, काट्यांमुळे ट्यूब टिकत नाही. भरीव टायर घालू की ट्यूबमध्ये पंक्चरचं द्रव?

भंगारप्रेमी:
द्रव. भरीव टायर दगडावर प्रत्येक दणका स्पोकला देतो, आणि तुमचे स्पोक आधीच घाबरलेत. हवा जरा कमी ठेवा. मेहुण्यालाही वरच्या बाजूनेच चालू द्या, तो बरोबर आहे.