मदत हवी आहे: मुलीला रोड सायकलिंगच्या सरावासाठी ग्रुप

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंडला राहतो, लेक सोळा वर्षांची. २०२४ची महिलांची टूर द फ्रान्स पाहिल्यापासून घरात दुसरा विषय नाही. पोलंडची कासिया न्येव्यादोमा आठ टप्प्यांनंतर फक्त ४ सेकंदांनी जिंकली! दुसरी आलेली नेदरलँड्सची डेमी व्होलरिंग पाचव्या टप्प्यात पडली, तिथे दीड मिनिटाहून जास्त गेलं. शेवटच्या दिवशी आल्प द्युएझचा घाट तिनेच पहिला सर केला, तरी पिवळी जर्सी, म्हणजे एकूण विजेतीचा मान, हुकली. सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज होते ना, एक दिवस फसला की भरून काढणं फार कठीण. मी पोळ्या लाटत होते आणि लेक हे डोळ्यांत पाणी आणून सांगत होती.

आता ती सकाळी येऊरचा चढ मारते, मागून मी स्कूटरवर. गेल्या आठवड्यात एक टेम्पो इतका घासून गेला की तिच्या हँडलची टेप फाटली, कोपर सोलवटलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तयार! मलाच झोप लागली नाही.

ठाणे-मुलुंड किंवा नवी मुंबईकडे मुली असलेला, शिस्तीत चालवणारा ग्रुप आहे का? पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायचा, आळीपाळीने पुढे यायचं, हे एकटीने कसं शिकणार? शिवाय राज्य पातळीच्या निवड चाचणीसाठी नाव कुठे नोंदवायचं? कुणाची मुलगी यातून गेली असेल तर प्लीज सविस्तर लिहा.