मदत हवी आहे : हाताच्या एकाच जागी घाम

नमस्कार मंडळी. मी परभणीची, म्हणजे घामाचं कौतुक नाही. पण माझ्या डाव्या हाताला कोपराखाली तळहाताएवढ्याच जागेतून धार लागते, तीही डिसेंबरच्या थंडीत. बाकी हात कोरडा ठणठणीत. भाकरी थापताना थेंब परातीत पडतात. सासूबाई म्हणाल्या, उष्णता आहे, सब्जा घे. घेतला, काही फरक नाही. घाम नेमका कुठून येतो ते बघायला त्वचेच्या डॉक्टरांनी आयोडीन लावून वर स्टार्च भुरभुरला, तर तेवढाच भाग निळाकाळा झाला! दुर्मिळ प्रकार आहे म्हणाले. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन रात्री लावते, पण आग फार होते. आता बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलंय, तेही काही महिनेच टिकतं म्हणे. एवढ्याशा जागेसाठी कुणी घेतलंय का? दुखतं का? लातूर किंवा संभाजीनगरला खर्च किती आला?