मदत हवी आहे : बसप्रवाशांचे समाधान मोजण्यासाठी प्रश्नावली कशी असावी?

नमस्कार. पुण्यातील आमच्या नागरिक गटाने शहर बससेवेच्या प्रवाशांचे सर्वेक्षण करण्याचे ठरवले असून प्रश्नावली तयार करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. वाहतूक नियोजन किंवा संख्याशास्त्र यांचा अनुभव असलेल्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

परशुरामन, झाइथामल आणि बेरी या अभ्यासकांनी १९८८ साली मांडलेल्या, सेवेचा दर्जा मोजण्याच्या सर्व्हक्वाल पद्धतीत २२ बाबींविषयी आधी अपेक्षा आणि मग प्रत्यक्ष अनुभव विचारून दोहोंतील अंतर काढले जाते. म्हणजे प्रश्न होतात ४४. गर्दीत दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाला एवढे प्रश्न विचारणे मला अन्यायाचे वाटते. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ मध्ये केवळ अनुभव विचारणे पुरेसे असल्याचे मांडले आणि माझा कल तिकडेच आहे. मात्र ज्याने वर्षानुवर्षे फारशी अपेक्षाच ठेवलेली नाही, असा प्रवासी साध्या सेवेलाही ‘समाधानकारक’ म्हणेल आणि ते उत्तर आपण चांगल्या सेवेचा पुरावा म्हणून वाचू, ही भीती राहतेच. यावर काय उपाय करता येईल?

माझ्या मते सर्वांत नाजूक बाब थांब्यावरील प्रतीक्षेची आहे. समजा, एका मार्गावर तासाला चार गाड्या आहेत. त्या दर १५ मिनिटांनी आल्या, तर केव्हाही थांब्यावर येणाऱ्या प्रवाशाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते. पण त्याच चार गाड्या जोडीजोडीने, म्हणजे २८ मिनिटांनी एक आणि तिच्या मागोमाग २ मिनिटांनी दुसरी अशा आल्या, तर सरासरी प्रतीक्षा १३ मिनिटांवर जाते, कारण बहुतेक प्रवासी त्या मोठ्या खंडातच थांब्यावर पोहोचतात. शिवाय पहिली गाडी खचाखच भरते आणि दुसरी जवळपास रिकामी धावते. फेऱ्यांच्या संख्येवरून यातले काहीच कळत नाही. म्हणून काही थांब्यांवर स्वयंसेवक बसवून गाड्यांच्या प्रत्यक्ष वेळा नोंदवाव्यात आणि त्याच थांब्यावरील प्रवाशांना ‘किती वेळ थांबलात?’ असे विचारावे, असा विचार आहे. प्रवाशाला जाणवलेली वेळ घड्याळातल्या वेळेपेक्षा बहुधा जास्त असते. तेव्हा विश्लेषणात या दोन नोंदींची सांगड कशी घालावी?

भाडे, स्वच्छता, वाहकाचे बोलणे, पायरीची उंची, संध्याकाळनंतर महिलांना वाटणारी सुरक्षितता यांपैकी काय महत्त्वाचे, असे थेट विचारले की लोक सगळ्यालाच ‘फार महत्त्वाचे’ म्हणतात, असे प्राथमिक चाचणीत दिसले. प्रत्येक बाबीला आणि एकूण सेवेला वेगवेगळे गुण मागून त्यांच्या परस्परसंबंधावरून महत्त्व ठरवणे अधिक योग्य होईल का? त्यासाठी नमुना किती मोठा असावा? ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी आणि नोकरदार महिला यांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडता आले पाहिजेत, हा आमचा आग्रह आहे, कारण एकत्रित सरासरीत अडचणीत असलेला गटच झाकला जातो.

शेवटचा प्रश्न बस सोडून दुचाकीकडे वळलेल्यांचा आहे. बसमध्ये किंवा थांब्यावर केलेल्या सर्वेक्षणात ते सापडणारच नाहीत, आणि सर्वाधिक असमाधानी प्रवासी कदाचित तेच असतील. महाविद्यालयांचे व कार्यालयांचे वाहनतळ गाठून त्यांच्यासाठी वेगळी, छोटी प्रश्नावली वापरावी असे वाटते. ‘बस का सोडली?’ या प्रश्नाला पर्याय द्यावेत की उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि ही उत्तरे मुख्य सर्वेक्षणात मिसळावीत की स्वतंत्र ठेवावीत, याविषयी अनुभवी सभासदांचे मत मिळाल्यास पुढील मसुदा याच धाग्यावर देईन.